उन्हाळ्यात रिले का रुसतो: रिले, रीड स्विच, मायक्रोस्विच आणि तापमान, नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

होळी झाली, कूलर खिडकीत लागले की तेच ते प्रश्न सुरू होतात, रिले ओढत नाही, स्टॅबिलायझर टकटक करतो, गेटचा सेन्सर भर दुपारी उगाच बोंबलतो. दरवेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी टाकलंय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, भाषा थोडी साफ केली एवढंच. एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही म्हणून मध्येमध्ये प्रश्नांचे नंबर दिलेत, तिकडे जाऊन बघा.

१. रिले, रीड स्विच, मायक्रोस्विच, एमसीबी (घरच्या बोर्डातला जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच), हे सगळं तुम्ही एकाच पिशवीत कसं काय टाकता?

कारण सगळ्यांच्या आत एक धातूची पट्टी हलते आणि कॉन्टॅक्ट जुळतात नाहीतर सुटतात, ती पट्टी हलवतं कोण एवढाच फरक. रिलेमध्ये तांब्याच्या बारीक तारेची कॉईल चुंबक बनून ओढते. रीड स्विचमध्ये काचेच्या नळीत निकेल-लोखंडाच्या दोन पात्या असतात, बाहेरून चुंबक जवळ आला की एकमेकींना चिकटतात (बेल लॅब्समधल्या वॉल्टर एलवूडने १९३६ मध्ये काढलेली आयडिया, आजही दरवाजाच्या सेन्सरमध्ये तीच). मायक्रोस्विचमध्ये लिव्हर आणि स्प्रिंग, एमसीबीमध्ये दोन धातूंची जोडपट्टी आणि सोबत एक कॉईल. तापमान ज्यांना छळतं त्या गोष्टी मोजक्याच आहेत: तांब्याचा रेझिस्टन्स, चुंबकाची ताकद, धातू आणि प्लास्टिकचं फुगणं, आणि कॉन्टॅक्टचा पृष्ठभाग. कुठल्या स्विचला यातलं काय लागू होतं तेवढं ओळखलं की अर्धं काम झालं.

२. नागपुरात फार फार तर ४७-४८ जातं, रिलेच्या डेटाशीटवर ७० नाहीतर ८५ डिग्री लिहिलेलं असतं, मग टेन्शन कशाचं?

तो ४७ सावलीतला असतो भाऊ. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ नोंदलं गेलं होतं, पण ते हवामान खात्याच्या पांढऱ्या जाळीदार पेटीतलं, जमिनीपासून सव्वा मीटर वर आणि हवा खेळती असलेल्या जागेतलं. (मे २०२४ मध्ये जे ५६ डिग्री सगळीकडे फिरलं ते सोडा, सेन्सरची गडबड होती असं खात्यानेच नंतर सांगितलं.) तुमची पेटी असते गच्चीवर पश्चिमेच्या भिंतीला, रंग गडद करडा, आत एसएमपीएस (पॉवर सप्लाय) स्वतःच तापलेला आणि झाकण घट्ट बंद. नवतपाच्या (मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या) दिवसांत अशा पेटीत हात घालून बघा, आत ६० सहज असतं.

आणि डेटाशीटमधला ७० म्हणजे रिलेच्या अगदी लगतच्या हवेचा. कॉईल चालू राहिली की ती त्यावर स्वतःची ३०-४० डिग्री गरमी चढवते, म्हणजे आतलं तांबं ९५-१०० ला पोचतं. बाहेर ४५, पेटीत ६०, कॉईलमध्ये ९५, हे तीन आकडे वेगवेगळे आहेत आणि लोक पहिल्यावरच हिशोब करून मोकळे होतात, तिथेच सगळं फसतं.

३. रिले थंड असला की मस्त चालते, गरम झाला की ओढतच नाही, पंखा मारला की परत चालते. काहून?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा निवांत सांगतो.

रिलेवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं त्यामुळे आपण व्होल्टेजचा विचार करतो, पण आर्मेचर (रिलेतली हलणारी लोखंडी पट्टी) ओढायचं काम करंट करतो. कॉईलला किती वेढे आहेत ते तर बदलत नाही, मग ओढ किती हे फक्त करंटवर ठरतं. आणि करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स. तांब्याचा रेझिस्टन्स प्रत्येक डिग्रीमागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ७०-७५ डिग्रीचा फरक पडला की तीस टक्क्यांच्या घरात जातो.

तो निळा चौकोनी १२ व्होल्टवाला रिले घ्या, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कुठल्याही दुकानात मिळतो तो. कॉईल २० डिग्रीला ४०० ओहम. डेटाशीट म्हणतं की ७५ टक्के व्होल्टेजला, म्हणजे ९ व्होल्टला तो नक्की ओढेल. ९ भागिले ४०० म्हणजे २२.५ मिलीअँप, एवढा करंट त्याला हवा म्हणजे हवा. आता कॉईल ९५ डिग्रीला गेली. रेझिस्टन्स झाला साधारण ५१८ ओहम. तोच २२.५ मिलीअँप काढायला आता ११.६५ व्होल्ट लागणार. म्हणजे ज्या रिलेकडे सकाळी तीन व्होल्टची ऐसपैस जागा होती त्याच्याकडे दुपारी पाव-अर्धा व्होल्ट उरला. अडॅप्टर लोडवर ११.४ देत असेल, किंवा लांब बारीक वायरमध्ये अर्धा व्होल्ट गेला, की संपलं, नुसता बारीक 'टिक' होईल किंवा तोही नाही.

आता प्रत्येक पीस काही अगदी ९ ला अडून बसत नाही, बरेच ८ च्या आसपासच ओढतात. म्हणूनच एका पेटीतले तीन रिले चालतात आणि चौथा रुसतो, आणि आपण चौथ्याला खराब म्हणून फेकतो. तो खराब नसतो, मार्जिनवर असतो. पंखा मारल्यावर चालला हीच त्याची खूण आहे, खरोखर खराब कॉईल पंख्याने बरी होत नाही.

४. सकाळी ऑन केलेला रिले दिवसभर न सुटता चालतो. मधात लाइट जाऊन आली की मग मात्र ओढत नाही. एकाच रिलेचं दोन तऱ्हेचं वागणं कसं?

ओढायला जास्त करंट लागतो, धरून ठेवायला बराच कमी. आर्मेचर एकदा चिकटलं की मधली हवेची फट मिटते आणि थोड्या चुंबकत्वातही ते धरून राहतं. या निळ्या रिलेला सुटायला व्होल्टेज पार १० टक्क्यांपर्यंतही खाली यावं लागू शकतं. म्हणून दिवसभर तापत राहिला तरी धरून होता, पण लाइट गेली, सुटला, आणि परत ओढायची वेळ आली तेव्हा कॉईल तापलेलीच होती. दुपारी तीनला लाइट जाऊन दोन मिनिटांत येणं ही रिलेसाठी सगळ्यात वाईट वेळ.

टेस्ट करायची तर थंड रिलेवर करू नका. पूर्ण व्होल्टेज देऊन तासभर तापू द्या, तेही बंद पेटीत, मग क्षणभर बंद करून कमीत कमी जे व्होल्टेज तुमच्याकडे येतं त्यावर परत ओढतो का ते बघा.

५. कॉईल आतून किती तापली हे कळणार कसं? आत थर्मामीटर तर घालता येत नाही.

कॉईल स्वतःच थर्मामीटर आहे. साधा मल्टिमीटर पुरतो. रिले पूर्ण थंड असताना कॉईलचा रेझिस्टन्स मोजा आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. मग तासभर चालवा, सप्लाय काढा आणि लगेच, दहा-पंधरा सेकंदांत, परत मोजा. (सप्लाय चालू असताना ओहमवर मोजायला जाऊ नका, मीटर तरी जाईल नाहीतर आकडा तरी खोटा येईल. डायोड लावलेला असेल तर प्रोब उलटे करून जो जास्त आकडा येतो तो घ्या.)

समजा खोली ३० डिग्री, थंड कॉईल ४०० ओहम, गरम ४७०. फरक ७०. ७० भागिले ४००, गुणिले २३४.५ अधिक ३०, म्हणजे २६४.५. उत्तर ४६. म्हणजे कॉईल ४६ डिग्रीने तापली, ती आहे ७६ ला. तो २३४.५ तांब्यासाठीचा ठरलेला आकडा आहे, पाठ करून टाका. आता खोलीऐवजी पेटीतलं ६० धरलं तर कॉईल शंभरच्या वर जाणार हे कागदावरच कळतं. कॉईलच्या इन्सुलेशनचा क्लासही तेव्हा बघून घ्या, बी म्हणजे १३० डिग्रीपर्यंत, एफ म्हणजे १५५, एच म्हणजे १८०.

६. मग सरळ १२ च्या जागी १५ व्होल्ट देऊन टाकू का, कटकटच नको?

नका देऊ. व्होल्टेज सव्वापट केलं की कॉईलमधली गरमी दीडपटीच्या वर जाते, कारण ती वर्गाने वाढते. रिले ओढेल खरा, पण दिवसभर शिजत राहील आणि इन्सुलेशन लवकर जाईल. आणि गंमत म्हणजे हवा जितकी गरम तितकं कॉईलला चालणारं कमाल व्होल्टेज कमी होतं, म्हणजे खालची मर्यादा वर सरकते, वरची खाली येते, आणि मधली फट नवतपात सगळ्यात अरुंद असते.

शहाणपणाचा मार्ग उलटा. ओढताना पूर्ण १२ द्या, आणि ओढून झाल्यावर व्होल्टेज कमी करा, कारण धरायला थोडंच लागतं (प्रश्न ४). अर्ध्या व्होल्टेजवर गरमी चौथा हिस्सा होते. एक रेझिस्टर आणि त्याला समांतर मोठा कपॅसिटर लावून हे जमतं, मायक्रोकंट्रोलर असेल तर पीडब्ल्यूएमने (सप्लाय भरभर चालू-बंद करून) जमतं. रिले थंड राहतो, आणि थंड राहिला की पुढच्या वेळी सहज ओढतो. फार कमी करू नका मात्र, जिथे धक्के बसतात, म्हणजे गाडीत किंवा कंप्रेसरजवळ, तिथे अगदी काठावर धरलेला रिले हादऱ्याने सुटतो.

७. ५ व्होल्टचा रिले बोर्डवर यूएलएन २००३ ने चालवतोय. एप्रिलपर्यंत बरा होता, मे मध्ये बंद. बोर्डचं काही जळलं का?

काही जळलं नाही, हिशोब जळला. यूएलएन २००३ या ड्रायव्हर चिपच्या आत डार्लिंग्टन जोडी (एकापाठी एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) असते, ती स्वतःच साधारण ०.८-०.९ व्होल्ट खाते. ५ मधून कॉईलला मिळाले ४.१. मोबाइलच्या चार्जरवर चालवत असाल आणि तो ४.८ देत असेल तर ३.९. रिलेला थंडीत हवेत ३.७५. आता कॉईल ६० डिग्रीला गेली की हवेत ४.३ च्या वर. संपलं.

यूएलएन काढा आणि साधा ट्रान्झिस्टर लावा, तो पूर्ण ऑन असताना ०.२ व्होल्टच्या आसपासच खातो, किंवा छोटा मॉस्फेट लावा. नाहीतर १२ व्होल्टचा रिले वापरा, तिथे हा ०.९ फारसा टोचत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये एसी लॅबमध्ये चालणारं आणि घरी न चालणारं जे काही असतं त्यात हा किस्सा बराच असतो.

८. संध्याकाळी सात ते अकरा स्टॅबिलायझर टकटक टकटक करून राहते. बाकीच्या वेळी चूप. खराब झाला का?

बहुतेक नाही. मे महिन्यात गल्लीतले सगळे एसी आणि कूलर एकदम चालू होतात तेव्हा व्होल्टेज १८०-१९० ला येतं. स्टॅबिलायझरच्या आतला रिलेचा सप्लाय साध्या ट्रान्सफॉर्मरवरून बिनरेग्युलेटरचा काढलेला असेल तर २३० ला १२ मिळणारे १८० ला ९.४ च मिळतात. आणि नेमकं तेव्हाच दिवसभराच्या उन्हाने आणि स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरच्या गरमीने कॉईलला ११ च्या वर हवे असतात (प्रश्न ३). म्हणजे मागणी वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. नागपूरच्या उन्हाळ्यातल्या निम्म्या रिले-तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं, नुसती गरमी रिलेने सोसली असती, नुसतं कमी व्होल्टेजही सोसलं असतं, दोन्ही एकदम आलं की तो हात टेकतो.

रिले अर्धवट ओढतो, लोड बसतो, व्होल्टेज आणखी खाली जातं, सुटतो, लोड गेला की व्होल्टेज वर, परत ओढतो, हीच ती टकटक. प्रत्येक टकीला कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते म्हणून असं तासन्‌तास चालू देऊ नका. स्टॅबिलायझर भिंतीपासून हातभर दूर ठेवा, त्यावर कपडे वाळत घालू नका (घालतात लोक), आणि तरी थांबलं नाही तर मेकॅनिककडून रिलेच्या सप्लायचं व्होल्टेज मोजून घ्या.

९. १० अँपचा रिले होता, लोड ८ अँपच होता, तरी कॉन्टॅक्ट चिकटले. उन्हामुळेच ना?

उन्हाचा हात आहे, पण मुख्य आरोपी बहुतेक वेळा लोड असतो. १० अँप हे हिटरसारख्या साध्या लोडसाठी असतं. कूलरचा पंप, मोटर, एसएमपीएस हे चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतात आणि कॉन्टॅक्ट तिथेच वितळून चिकटतात. यांच्यासाठी रेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यातच राहा.

उन्हाचा हात असा की कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स १० मिलीओहम धरला तरी १० अँपला एक वॉट गरमी त्या टिचभर जागेत तयार होते, ती गरमी बाहेर काढतात पिना आणि पीसीबीची ट्रॅक. पेटीच ६० ला असेल तर गरमी जाणार कुठे. चांदीचा कॉन्टॅक्ट १८० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतो. त्यात कॉईल कमजोर ओढत असेल तर कॉन्टॅक्ट दाबून बसत नाहीत आणि रेझिस्टन्स आणखी वाढतो. डेटाशीटमध्ये तापमान वाढलं की करंट किती कमी करायचा याचा उतरता ग्राफ असतो, तो कोणी बघत नाही. आणि हो, स्क्रू कसलेला आहे का आधी बघा, सैल लग (वायरच्या टोकाचं कनेक्शन) रिलेपेक्षा जास्त तापतो आणि नाव रिलेचं खराब होतं.

१०. वावरातल्या पंपाच्या स्टार्टरची कॉईल दरवर्षी मे मध्येच जळते. ती तर एसी कॉईल, तुमचा तांब्याचा हिशोब तिला लागू होते का?

थोडाच. एसी कॉईलमध्ये करंट मुख्यतः इंडक्टन्स अडवतं, रेझिस्टन्सचा वाटा लहान, त्यामुळे गरमीने पिकअप (ओढायला लागणारं व्होल्टेज) फार सरकत नाही. पण तिचं दुखणं वेगळं आणि जास्त जीवघेणं आहे. एसी कॉईलमध्ये आर्मेचर पूर्ण मिटलेलं नसेल तर इंडक्टन्स कमी राहतं आणि करंट नेहमीच्या कितीतरी पट वाहतो. व्होल्टेज ८५ टक्क्यांच्या खाली गेलं की कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोठा रिलेच) नीट मिटेल याची हमी नसते, तो मधातच घरघरत लटकतो, आणि आधीच उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीतली कॉईल काही मिनिटांत वास मारायला लागते.

म्हणून घरघर ऐकू आली की लगेच बंद करा. कमी व्होल्टेजला स्टार्टर लागूच न देणारा प्रिव्हेंटर लावा, पेटीवर पत्र्याचं छोटं छप्पर करा, मधात चार बोटं हवा सोडून. आर्मेचरच्या तोंडावर धूळ किंवा गंज असेल तर तोही घरघरीला कारण होतो, तो पुसायला मात्र मेन बंद करून, तीनही फेज तपासून.

११. घरातली एमसीबी फक्त दुपारीच पडते, लोड तोच. आणि पंपाचा ओव्हरलोड रिलेसुद्धा.

दोघांमध्ये दोन धातूंची पट्टी असते, तापली की वाकते आणि ट्रिप करते. पट्टीला कळत नाही की गरमी करंटची आहे की उन्हाची. घरगुती एमसीबी ३० डिग्रीला कॅलिब्रेट केलेली असते, ५५-६० च्या बोर्डमध्ये ती लिहिलेल्या करंटच्या आधीच पडणार, त्यात शेजारी शेजारी सगळ्या भरलेल्या असल्या की एकमेकींना तापवतात. शॉर्ट सर्किटला पडणारा भाग मात्र चुंबकाचा असतो, त्याला उन्हाचा फारसा फरक पडत नाही.

मोठी एमसीबी टाकून मोकळे होऊ नका. वायर तीच आहे आणि तीही तापलेलीच आहे. आधी बोर्ड सावलीत न्या, नाहीतर जड लोडच्या एमसीबीच्या बाजूला एक घर रिकामं सोडा.

१२. लोखंडी गेटला चुंबकवाला सेन्सर लावलाय. दुपारी एक ते चार गेट बंद असूनही 'गेट उघडं' म्हणून अलार्म देतो.

रीड स्विचचं काही बिघडलेलं नसतं, काचेतल्या पात्या १०० डिग्रीच्या वरही आरामात चालतात. बघायचं असतं चुंबकाकडे आणि गेटकडे. काळ्या फेराइट चुंबकाची ताकद दर डिग्रीला सुमारे ०.२ टक्के कमी होते, पहाटे २५ आणि दुपारी उन्हातल्या लोखंडावर ६५, म्हणजे ८ टक्के गेले. आणि तीन मीटरचं गेट ४० डिग्रीने तापलं की दीड मिलिमीटरच्या आसपास लांबतं. बिजागरी सैल असेल तर झोल वेगळा. आधीच काठावर बसवलेला सेन्सर एवढ्याने सुटतो.

पहाटे बसवताना चुंबक हळूहळू दूर नेत सेन्सर कुठे सुटतो ते बघा आणि त्याच्या अर्ध्याहून कमी अंतरावर फिट करा. शिवाय लोखंडावर थेट ठोकू नका, लोखंड चुंबकाचं क्षेत्र खाऊन टाकतं, खाली प्लास्टिकचा किंवा अॅल्युमिनियमचा ठोकळा द्या. निओडिमियम लावलं तर ताकद जास्त मिळते पण साधा ग्रेड ८० डिग्रीपर्यंतच, त्यावर गेला की जी ताकद गेली ती गेली, थंड होऊन परत येत नाही.

१३. लॅचिंग रिले लावला तर गरमीचा प्रश्नच मिटतो म्हणतात, खरं का?

बराच मिटतो. त्याला फक्त क्षणभर पल्स लागते, मग आतला कायम चुंबक धरून ठेवतो, कॉईल स्वतः तापतच नाही. प्रश्न २ मधले ते ३०-४० डिग्री वाचले. पण हवेची गरमी राहतेच, त्यामुळे पल्स देणारं व्होल्टेज ढिलं नको. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, लाइट गेली तर तो आहे त्या स्थितीत राहतो, साधा रिले सुटतो. हिटर किंवा मोटरसाठी ते चालणार आहे का ते आधी ठरवा.

१४. थंडीत काही होतं का? की नागपूरवाल्यांनी तो विचारच सोडायचा?

२९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ डिग्री होतं. तेवढ्या थंडीत ४०० ओहमची कॉईल ३७४ ची होते आणि ९ व्होल्टच्या जागी ८.४ पुरतात, म्हणजे रिले खुश.

त्रास होतो तो संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, आणि तो थंडीने नाही, दवाने. थंडगार झालेला सेन्सर किंवा कंट्रोल बॉक्स बाहेरच्या गरम दमट हवेत आला, की त्यावर आणि आत पाणी साचतं. कॉन्टॅक्टवर थेंब, पिनांमध्ये गळती करंट. फ्रीझर शून्याच्या खाली असेल तर ते पाणी गोठून उघडे कॉन्टॅक्ट अक्षरशः जखडतात. तिथे रीड स्विच उत्तम, काच बंद असते. दाराजवळ साधा लिव्हरवाला मायक्रोस्विच लावू नका, त्याचं ग्रीस घट्ट होतं आणि लिव्हर परत यायला आळस करतो. कंट्रोल बॉक्स शक्यतो थंड खोलीच्या बाहेरच ठेवा.

१५. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून पेटी सिलिकॉनने पॅक केली, आता रिलेचा क्लिक येतो पण पुढे करंट जात नाही. हा काय प्रकार?

हे फार कमी लोकांना माहीत आहे. ताजं सिलिकॉन सीलंट वाफ सोडतं, बंद गरम पेटीत ती जास्तच सुटते, आणि कॉन्टॅक्टच्या ठिणगीत त्या वाफेची सिलिका बनते, म्हणजे साध्या भाषेत काचेची पुटं. क्लिक होतो, कॉन्टॅक्ट टेकतात, मधात काच. रिलेचं प्लास्टिकचं कव्हर ही वाफ अडवेल असं समजू नका. सीलंट लावायचंच असेल तर झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळू द्या, कंट्रोल बॉक्ससाठी रबरी गॅस्केट आणि केबल ग्लँड जास्त बरे.

त्यालाच जोडून: काही सीलबंद रिलेंवर कोपऱ्यात छोटा नखाएवढा प्लास्टिकचा उंचवटा असतो, बोर्ड सोल्डर करून धुऊन झाला की तो कापायचा असतो. आत ठिणगीने तयार होणारा वायू बाहेर निघावा म्हणून ती सोय आहे. पण धूळ किंवा दमट वाफ असलेल्या जागी तो कापायचा की नाही हे डेटाशीट बघून ठरवा.

१६. कॉम्प्युटरचा माउस उन्हाळ्यात एका क्लिकला दोन क्लिक करतो.

आतला मायक्रोस्विच म्हातारा झालाय, गरमी फक्त निमित्त. स्प्रिंगची पात थकली की कॉन्टॅक्ट उड्या मारतो, आणि गरमीत प्लास्टिक थोडं फुगून टेकण्याचा बिंदू सरकतो. एसीमध्ये ठीक चाललं म्हणून बरा झाला समजू नका, स्विच बदला, स्वस्त असतो.

१७. केएसडी ३०१ वर ७० लिहिलंय, पण तो कधी ७४ ला सुटतो कधी ६६ ला, आणि परत जुळायला तर पार पन्नासपर्यंत थांबावं लागते. नकली आहे का?

तो स्वतःच तापमानावर चालणारा स्विच आहे, आत दोन धातूंची वाटीसारखी चकती असते, ठरलेल्या गरमीला ती टक्कन उलटी होते. कमी-जास्त चार-पाच डिग्री ही त्याची नेहमीची सूट. आणि उलटलेली चकती परत यायला बरंच थंड व्हावं लागतं, तो फरक मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर ७० वर तो सारखा टकटकत बसला असता. तो मोजतो ते स्वतःच्या टोपीचं तापमान, म्हणून टोपी पृष्ठभागाला सपाट चिकटली पाहिजे. तिरपा बसवला की आकडे खोटेच येणार.

१८. रिलेची कटकटच नको, सॉलिड स्टेट रिले (हलता भाग नसलेला, इलेक्ट्रॉनिक) लावून देतो. बरोबर ना?

रोज शेकडो वेळा चालू-बंद करायचं असेल तर बरोबर. पण गरमीतून सुटका म्हणून लावत असाल तर फसाल. त्यात चालू असताना १ ते दीड व्होल्ट पडतो, १० अँपला १०-१५ वॉट गरमी, सतत. प्रश्न ९ मधल्या एका वॉटशी तुलना करा. हीटसिंक हवाच, आणि बहुतेकांचं रेटिंग ४० डिग्रीच्या पुढे उतरायला लागतं, म्हणजे इथे मार्चपासूनच. बंद असतानाही थोडा करंट गळतो, एलईडी दिवा मंद जळत राहतो.

१९. सेमिनारसाठी: एमईएमएस स्विचवर (चिपवर घडवलेला सूक्ष्म यांत्रिक स्विच) तापमानाचा परिणाम? तिथे तर कॉईलच नसते.

बरोबर, म्हणून तिथे प्रश्न ३ लागू नाही. तिथे केसापेक्षा कितीतरी बारीक सोन्याची पट्टी सिलिकॉनवर एक-तीन मायक्रॉन उंचीवर टांगलेली असते आणि काही डझन व्होल्ट देऊन स्थिर विद्युत ओढीने खाली आणतात. फट एक तृतीयांश मिटली की पुढे ती आपोआप कोसळते. किती व्होल्टला कोसळेल हे पट्टीच्या ताठपणावर, आणि त्याहून जास्त फटीवर ठरतं.

सोनं दर डिग्रीला दशलक्षात १४ भाग फुगतं, सिलिकॉन जेमतेम २.६. पट्टी दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली असेल तर ५० डिग्री वाढीला तिच्यात ४५ मेगापास्कलच्या आसपास दाब तयार होतो. ताण सैल पडतो, पट्टी मऊ वागते, म्हणजे पिकअप व्होल्टेज खाली येतं, साध्या रिलेच्या अगदी उलट. दाब फार झाला तर ती वर किंवा खाली फुगते, मग सगळंच बिघडतं. एकाच टोकाला बांधलेली पट्टी लांबायला मोकळी असते म्हणून तिला हा त्रास कमी, पण जाडीभर ताण सारखा नसेल तर टोक वर-खाली वळतं आणि फट बदलते.

दुसरा भाग चिकटण्याचा. सोनं १०० डिग्रीच्या आसपासच मऊ पडतं, आणि कॉन्टॅक्टवर ०.०८ व्होल्ट पडला तरी तो ठिपका तेवढा तापतो. परत खेचणारी ताकद इवलीशी, त्यामुळे चिकटला की चिकटला. आत दमट हवा राहिली तर पाण्याचा पापुद्राही धरून ठेवतो, म्हणून हे स्विच हवाबंद पॅकेजमध्ये येतात. सेमिनारमध्ये हा भाग सांगाच, सगळे फक्त सूत्र लिहून थांबतात.

२०. आमचं उलटंच आहे. गरम झाल्यावर रिले सुटतच नाही, सप्लाय बंद केला तरी ऑनच राहतो.

कॉईलच्या हिशोबाने गरम रिले लवकर सुटायला हवा, कारण सुटण्याचं व्होल्टेजही पिकअपसारखंच वर सरकतं. त्यामुळे गरमीत सुटत नसेल तर कारण दुसरीकडे शोधा. रिलेला टिचकी मारली आणि सुटला, तर कॉन्टॅक्ट चिकटतायत, प्रश्न ९. टिचकीने नाही सुटला, तर कॉईलवरचं व्होल्टेज मोजा. बंद असायला हवं तेव्हा तिथे दीड-दोन व्होल्ट दिसत असतील तर ड्रायव्हर गळतोय, ट्रान्झिस्टर तापला की त्याची गळती वाढते, आणि बेसला जमिनीकडे नेणारा रेझिस्टर लावलेला नसेल तर तो पूर्ण बंदच होत नाही. १० किलोओहम लावून बघा. व्होल्टेज शून्य आहे आणि कॉन्टॅक्टही मोकळे आहेत, तरी आर्मेचर चिकटलेलंच, तर कव्हर उघडून बघा, सोल्डरिंगचा फ्लक्स आत जाऊन गरमीत चिकट झालेला सापडेल. तो रिले सरळ बदला, साफ करून परत लावण्यात अर्थ नाही.